वापरलेल्या मोटरसायकलला नवे टायर: आधी स्टिकर, मग तारीख, आणि नक्षी सर्वांत शेवटी

प्रश्न: मी अलीकडेच १२५ सीसीची, बरीच वर्षे वापरलेली मोटरसायकल विकत घेतली. इंजिन उत्तम आहे, चाके आऱ्यांची आहेत. चेनकव्हरवरील स्टिकरवर पुढील टायर २.७५-१८ आणि मागील ३.००-१८ ५२पी असे छापलेले आहे. प्रत्यक्षात पुढचा टायर त्याच मापाचा आहे, पण मागे आधीच्या मालकाने १००/९०-१८ असा जाड टायर बसवलेला आहे. मागील रिमवर १.८५ × १८ असे कोरलेले दिसते. पुढच्या टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, मात्र खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत आणि त्यावरील तारखेचा आकडा १४१६ असा आहे. मागचा टायर मधोमध सपाट झाला आहे. वळणावर गाडी आधी अडते आणि मग एकदम आत पडते. मागे कोणी बसले की खड्ड्यात काहीतरी घासल्याचा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात की पुढचा टायर अजून दोन वर्षे सहज चालेल. मित्र म्हणतो की दोन्ही टायर जाड आणि ट्यूबलेस घे, शिवाय नक्षी मोठ्या ठोकळ्यांची असू दे, कारण माझ्या वाटेत थोडा कच्चा रस्ता आहे. सध्या माझ्याकडे एकाच टायरपुरते पैसे आहेत. काय करावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण टायरवरचे आणि रिमवरचे आकडे वाचून पाठवलेत, त्यामुळे मोघम उत्तर देण्याची वेळ आली नाही. बहुतेक पत्रांत फक्त गाडीचे नाव आणि ‘कोणता टायर चांगला?’ एवढाच प्रश्न असतो.

वापरलेल्या गाडीच्या बाबतीत एक समज फार पक्का असतो, तो असा की गाडीवर जे माप बसलेले आहे तेच त्या गाडीचे माप. दुकानदारही पुष्कळदा जुन्या टायरवरचा आकडा वाचतो आणि त्याच मापाचा नवा टायर काढून देतो. आपल्या गाडीवर असे झाले, तर आधीच्या मालकाची हौस आणखी काही वर्षे आपल्या गळ्यात पडेल. म्हणून बसलेला टायर हा पुरावा मानू नये. स्टिकर किंवा गाडीसोबतची पुस्तिका हाच पुरावा मानावा, आणि त्यापासून दूर जायचे असेल तर कारण सांगता आले पाहिजे.

मागील चाकाकडे या नजरेने पाहू. १००/९०-१८ या मापात १०० म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ९० म्हणजे त्या रुंदीच्या ९० टक्के इतकी टायरची उंची आणि १८ म्हणजे रिमचा इंचातील व्यास. ३.००-१८ हे जुन्या पद्धतीचे, इंचांतील माप आहे. त्यात उंचीचा आकडा वेगळा देत नाहीत, कारण ती जवळपास रुंदीइतकीच धरलेली असते. आता मुख्य अडचण. १००/९० मापाचा टायर ज्या प्रमाण रिमवर मोजला जातो, ती २.५० इंच रुंदीची असते आणि १.८५ इंचाची रिम त्याच्या मान्य मर्यादेतच बसत नाही. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि वरचा भाग अधिक गोल, अधिक उभट होतो. बाहेरून चाक भरदार दिसते, पण गाडी सरळ चालत असताना रस्त्याला टेकणारा पट्टा अपेक्षेइतका रुंद राहत नाही. मधला भाग लवकर झिजतो आणि कडेचा भाग जवळजवळ कोराच राहतो. आपल्या टायरचे ‘मधोमध सपाट’ होणे केवळ यामुळेच झाले असे म्हणता येणार नाही, कारण सरळ रस्त्यावर रोज जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा मागचा टायर थोडाफार असा झिजतोच. परंतु चुकीच्या मापाने ती झीज नक्कीच वाढवली असणार.

वळणावरचे जे वर्णन आपण केले आहे, ते या सपाट झालेल्या टायरचे नेहमीचे लक्षण आहे. सपाट पट्टा आणि कोरा उतार यांच्यामध्ये एक धार तयार होते. गाडी कलवताना आधी त्या धारेवर चढावे लागते, म्हणून ती अडल्यासारखी वाटते. धार ओलांडली की पलीकडे एकदम घसरगुंडी, म्हणून ती आत पडते. त्यात पुढचा टायर कडक झालेला असला की हँडलला नीट अंदाज येत नाही आणि दोष नेमका कोणत्या चाकाचा हे ठरवणे अवघड जाते.

घासण्याचा आवाज मात्र मापाशी अगदी थेट जोडलेला असण्याची शक्यता आहे. साधा हिशेब करून पाहावा. १८ इंच म्हणजे ४५७ मिलिमीटर. १००/९० टायरची उंची एका बाजूला ९० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना मिळून १८०. म्हणजे चाकाचा एकूण व्यास ६३७ मिलिमीटर झाला. ९०/९०-१८ या टायरचा व्यास याच पद्धतीने ६१९ येतो, आणि ३.००-१८ चा व्यासही त्याच्या अगदी आसपास असतो. याचा अर्थ मागचे चाक १८ मिलिमीटरने मोठे झाले आहे: त्यातले ९ मिलिमीटर वर, मडगार्डच्या दिशेने गेले आणि रुंदीतली वाढ चेनच्या व चेनकव्हरच्या बाजूला सरकली. मागे माणूस बसून सस्पेन्शन दबले, खड्डा आला, की उरलेली जागा संपते. मडगार्डच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहावे, तसेच चेनच्या बाजूची टायरची कड आणि चेनकव्हरची आतील बाजू टॉर्चने न्याहाळावी. चकचकीत घासलेला पट्टा दिसला तर आवाजाचे कारण सापडले. तसा पट्टा कुठेच दिसला नाही, तर चेन सैल आहे का आणि मागील शॉकअब्सॉर्बर बसले आहेत का, हे पाहून घ्यावे.

व्यास सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याचे आणखीही परिणाम आहेत. इंजिनाला प्रत्येक गिअर किंचित जड जातो, जे १२५ सीसीच्या गाडीला चढावर चांगलेच जाणवते, आणि गाडीची मागची बाजू उचलली गेल्यामुळे पुढच्या चिमट्याचा कोन थोडा उभा होतो. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून निघत असेल, तर निदान वेगाचा आकडा तरी बरोबर असेल; ती मागून येत असेल, तर काटा ६० दाखवताना गाडी जवळपास ६२ ने चाललेली असते.

तेव्हा मागील टायर ३.००-१८ याच मापाचा घ्यावा. हे माप न मिळाल्यास ९०/९०-१८ विचारात घेता येईल, कारण त्याचा व्यास जुळतो आणि १.८५ इंचाची रिम त्याला सामान्यतः चालते. तरीही त्या विशिष्ट टायरसाठी कंपनीने कोणत्या रिम मान्य केल्या आहेत ते विचारून घ्यावे. येथे एक बारकावा दुकानात हमखास सुटतो. मापानंतरचा ५२ हा भार दाखवणारा अंक आहे आणि पी हे अक्षर वेगाची मर्यादा दाखवते. ५२ म्हणजे टायरवर २०० किलोपर्यंत भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. ९०/९०-१८ मध्ये ५१पी असाही टायर मिळतो आणि ५१ चा अर्थ १९५ किलो होतो. म्हणजे जाड दिसणारा टायर प्रत्यक्षात कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी भाराचा निघू शकतो. त्याच मापात ५७, म्हणजे २३० किलोचा, अधिक मजबूत बांधणीचा टायरही असतो. मागे नेहमी कोणी बसत असेल तर तो घ्यावा. भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर स्टिकरइतके किंवा त्याहून वरचे चालतात, खालचे कधीही चालत नाहीत.

आता पुढच्या टायरविषयी. १४१६ म्हणजे २०१६ सालातील चौदावा आठवडा. आपले मेकॅनिक नक्षीबद्दल जे सांगतात ते खरे आहे, परंतु त्यांनी दिलेले उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. नक्षीची खोली टायर किती चालला हे सांगते. तो किती जुना झाला हे सांगत नाही. ऊन, हवेतील ओझोन आणि उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक होत जाते, आणि कंपासपेटीत वर्षानुवर्षे पडून राहिलेले खोडरबर जसे पुसण्याऐवजी कागदावर नुसते घसरते, तसा असा टायर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच पकड सोडतो. अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असा आहे की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की तो कसाही दिसत असला तरी काढून टाकावा. खाचांच्या तळाशी भेगा दिसू लागल्यावर दहा वर्षे पुरी होण्याची वाट पाहण्यात काहीच शहाणपण नाही. अंगठ्याचे नख रबरात दाबून पाहावे. नवे रबर किंचित दबते आणि पूर्ववत होते, जुने दगडासारखे लागते. चाचणी ढोबळ आहे, पण शेजारी एखाद्या नव्या टायरवर तीच करून पाहिली तर फरक लगेच कळतो.

नक्षी किती उरली हे पाहायचे असेल, तर टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा एखादा छोटा त्रिकोण शोधावा आणि त्याच रेषेत वर खाचेमध्ये असलेला आडवा उंचवटा पाहावा. मोटरसायकलच्या टायरमध्ये तो साधारण ०.८ मिलिमीटर उंचीचा असतो. नक्षी त्याच्या पातळीला आली की टायर संपला. काही देशांच्या नियमांनुसार तर त्याच्याही आधीच.

एकाच टायरचे पैसे असतील तर कोणता घ्यावा, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: पुढचा. ‘मागचा जास्त झिजलाय, मागचाच बदल’ असे सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतील. ब्रेक दाबल्यावर गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे चाक करते. शिवाय दिशाही तेच देते. मागचे चाक घसरले तर सावरायला थोडा तरी अवधी मिळतो, पुढचे घसरले तर बहुतेक वेळा माणूस जमिनीवरच असतो. अर्थात याला एक अट आहे. मागील टायर मधल्या पट्ट्यात त्या उंचवट्यापर्यंत पोहोचला असेल, त्याचे आतले धागे दिसू लागले असतील किंवा तो खरोखरच मडगार्डला अथवा चेनकव्हरला घासत असेल, तर दोन्ही टायरचे पैसे जमेपर्यंत गाडी उभी ठेवावी. तसे काही नसेल, तर पुढचा टायर आता बदलून मागच्यासाठी थोडे थांबता येईल. मात्र तोपर्यंत मागे कोणाला बसवू नये आणि पावसात शक्यतो गाडी काढू नये. पुढचा भेगाळलेला टायर काढून ‘नक्षी आहे म्हणून’ मागे चढवण्याची कल्पनाही कोणीतरी सुचवेल. ती सरळ नाकारावी.

ट्यूबलेसविषयी आपल्या मित्राचे म्हणणे तत्त्वतः चुकीचे नाही. खिळा घुसल्यावर ट्यूबलेस टायरमधील हवा बहुधा सावकाश निघते, तर ट्यूब फाटली की टायर पाहता पाहता बसतो. पण हा फायदा टायर आणि रिम दोघांचा मिळून असतो. आऱ्यांच्या रिमला प्रत्येक आऱ्याच्या निपलसाठी, म्हणजे आरा रिमला आवळणाऱ्या छोट्या नटासाठी, एक छिद्र असते आणि तिथून हवा निघून जाते. ती छिद्रे चिकटपट्टीने किंवा सीलंटने बुजवून देतो असे सांगणारे लोक आहेत. माझा त्याला विरोध आहे, आणि कारण केवळ गळती नाही. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमच्या आतल्या बाजूस, टायरची कड जिथे बसते तिथे, एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी तो टायरची कड जागेवर धरून ठेवतो. साध्या रिमला बहुधा तो नसतो, त्यामुळे छिद्रे कितीही चांगली बुजवली तरी हवा कमी झाल्यावर कड रिमच्या मधल्या खोलगट भागात घसरू शकते. याउलट ट्यूबलेस टायर घेऊन त्यात ट्यूब घालून वापरणे पुष्कळदा चालते, परंतु त्या टायरच्या कंपनीने तशी परवानगी दिलेली असावी, कारण काही टायरांच्या आतील खडबडीत पृष्ठभागावर ट्यूब घासते आणि तापते. मग त्यात ट्यूबलेसचा फायदा मात्र उरत नाही. आपल्या गाडीला ट्यूबचा साधा टायर योग्य आहे, आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

नक्षीचा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. मी तो मुद्दाम मागे ठेवला आहे. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी मातीत आणि चिखलात उपयोगी पडते, कारण ठोकळे मऊ जमिनीत रुततात. पक्क्या रस्त्यावर मात्र ठोकळ्यांमधली मोकळी जागा रस्त्याला टेकतच नाही, त्यामुळे ओल्या डांबरावर थांबायला अधिक अंतर लागते, ठोकळे वाकल्यामुळे गाडी डुलते आणि टायर झिजतोही लवकर. थोड्याशा कच्च्या रस्त्यासाठी उरलेला सगळा प्रवास अशा टायरवर करणे मला पटत नाही. तो तुकडा सावकाश पार करावा. पुढे लांबट खाचांचा किंवा साधा रस्त्याचा टायर आणि मागे आडव्या-तिरप्या खाचांचा टायर ही जोडी छोट्या गाडीला चांगली मानवते. दोन्ही एकाच कंपनीचे असलेच पाहिजेत असे नाही, पण दोघांची बांधणी एकाच प्रकारची असावी. मापाच्या मधोमध आडवी रेघ असेल तर ती तिरप्या थरांची जुनी बांधणी आणि आर हे अक्षर असेल तर रेडियल, म्हणजे सरळ आडव्या थरांची बांधणी. आपल्या स्टिकरवर रेघ आहे. दोन्हीकडे तीच ठेवावी.

दुकानात गेल्यावर पैसे देण्याआधी नव्या टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का स्वतः वाचावा. वर्षभर नीट सावलीत ठेवलेला टायर घ्यायला हरकत नाही. पण काचेच्या मागे उन्हात मांडून ठेवलेला किंवा चार वर्षांपूर्वीचा टायर सवलतीत मिळाला तरी ती सवलत आपल्या खिशातूनच जाते, कारण रबराचे आयुष्य दुकानातच सरलेले असते.

टायर बसवताना शेजारी उभे राहावे. ट्यूब नवीन आणि त्याच मापाची घ्यावी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला चुणी पडते आणि तिथेच ती फाटते, आणि आपल्या मागील चाकात तर ती जाड टायरच्या मापाची असण्याचीच शक्यता अधिक. टायर निघाला की रिमच्या आतली रबरी पट्टी पाहावी, निपलचे टोक वर आलेले नाही ना हे बोटाने चाचपावे, रिमवर गंज किंवा ठोकर असेल तर ती तेव्हाच दिसते. चाक मोकळे असताना बेअरिंग बोटाने फिरवून खरखर लागते का हेही पाहता येते. नव्या टायरच्या कडेवर बाण असतो. काही टायर पुढे-मागे दोन्हीकडे चालतात आणि त्यांवर दोन बाण उलट दिशांना छापलेले असतात, तेव्हा कोणता बाण पुढच्या चाकाचा हे वाचूनच टायर चढवावा. कडेवर रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणावा, कारण तो टायरची हलकी बाजू दाखवतो. हवा भरल्यावर रिमच्या काठाला समांतर जाणारी टायरवरची बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्याच अंतरावर आहे ना, हे चाक फिरवून पाहावे. एखाद्या ठिकाणी ती आत गेलेली दिसली तर हवा काढून, साबणाचे पाणी लावून पुन्हा बसवून घ्यावे, अन्यथा चाक उड्या मारत चालेल.

व्हॉल्व्हची चकती रिमला घट्ट आवळून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सैल करून वर टोपणाजवळ नेऊन ठेवण्यास सांगावे. टायर रिमवर सरकू लागला तर व्हॉल्व्ह तिरपा होतो आणि दोष वेळेवर कळतो. चकती आवळलेली असेल तर व्हॉल्व्ह सरळच राहतो आणि मुळाशी ट्यूब फाटते.

हवेचा दाब स्टिकरवर दिलेला असेल तोच ठेवावा, आणि तो टायर थंड असताना मोजावा. टायरच्या कडेवर छापलेला दाब हा कमाल भारासाठीचा असतो, रोजचा नव्हे. मागचा टायर मूळ मापाचा झाला की चेनचा ताण पुन्हा तपासून घ्यावा, आणि स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या येतील असे चाक बसवून घ्यावे. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले १०० ते १५० किलोमीटर जोरात ब्रेक मारणे आणि एकदम कलणे टाळावे; पुढचा टायर नवा आणि मागचा जुना अशा मधल्या काळात तर गाडीचा तोल काही दिवस अनोळखी वाटेल. त्या दिवसांत व्हॉल्व्हकडे मात्र रोज सकाळी एकदा नजर टाकावी, आणि तो तिरपा दिसला तर हवा न भरता चाक थेट फिटरकडे न्यावे.